मैदान समान, वाट असमान

सिंधुदुर्गातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. गोव्याच्या सीमेवरील बांद्याहून पणजी जेमतेम ४५ किलोमीटर; मुंबई मात्र ५०० किलोमीटरांहून दूर. फुटबॉलवेडा गोवा शेजारी असला, तरी त्याचे विद्यापीठ वेगळे. साहजिकच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बांदेकर विद्यार्थ्याने पाहावयाचे ते मुंबईकडेच.

अंतिम फेऱ्या मुंबईत भरल्या, की अकरा खेळाडू, राखीव गडी आणि मार्गदर्शक यांचे भाडे, मुक्काम व भोजन यांचा भार छोट्या महाविद्यालयावर पडतो. दादरच्या संघाला तोच सामना लोकलच्या तिकिटात खेळता येतो. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. प्रवास सुकर झाला, पण खर्चाची ही तफावत मिटली नाही.

हे दुखणे जुनेच आहे. १८७२ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एफ. ए. चषकात ग्लासगोच्या क्वीन्स पार्क संघाने उपांत्य सामना बरोबरीत सोडविला. पुन्हा लंडनला येण्याइतका पैसा नसल्याने त्याने माघार घेतली. प्रतिस्पर्धी वाँडरर्स संघ पुढे विजेता ठरला. क्वीन्स पार्क हरला तो मैदानावर नव्हे, वाटखर्चात.

यावर उपाय अवघड नाही. सर्व सहभागी महाविद्यालयांच्या वर्गणीतून सामायिक प्रवासनिधी उभारावा, त्याचे वाटप अंतराच्या प्रमाणात व्हावे आणि अंतिम फेऱ्या आळीपाळीने रत्नागिरी-सिंधुदुर्गातही भराव्यात. मुंबईकरांना यात थोडी तोशीस पडेल, हे खरे. परंतु नियम सर्वांना सारखे आणि वाटखर्च ज्याचा त्याला, ही समता केवळ कागदावरची होय.