१ मे दोघांचाही: बाल्टिक देश युरोपीय संघात गेले, मराठवाडा महाराष्ट्रात आला, अटी नेमक्या कुणी लिहून घेतल्या?

एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तीन बाल्टिक देशांची मिळून लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३.६१ लाख आणि लातूरची २४.५४ लाख होती. म्हणजे मराठवाड्यातले दोन जिल्हे एकत्र केले की जवळपास तीन देश होतात.

आणखी एक योगायोग आहे. हे तिन्ही देश १ मे २००४ ला युरोपीय संघाचे सदस्य झाले. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं १ मे १९६० ला.

तारीख सारखी असली तरी दोन्हीकडची तयारी सारखी नव्हती. मराठवाड्याच्या अनुशेषाचा वाद दर १७ सप्टेंबरला, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनाला, पुन्हा का वर येतो, हे समजून घ्यायचं असेल तर हा फरक बघावा लागतो.

बाल्टिक देशांनी काय केलं होतं?

१९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडल्यावर या देशांना युरोपीय संघात जायचं होतं. पण तिथे नुसता अर्ज करून भागत नाही. एस्टोनियाने १९९५ मध्ये अर्ज केला, वाटाघाटी सुरू झाल्या १९९८ मध्ये. लाटव्हिया आणि लिथुआनियाचा नंबर २००० मध्ये लागला. शेती, सीमाशुल्क, न्यायव्यवस्था, पर्यावरण अशी ३१ प्रकरणं होती. प्रत्येक प्रकरणात आपला कायदा युरोपच्या कायद्याशी जुळवायचा, मग ते बंद झालं असं दोन्ही बाजूंनी मान्य करायचं. युरोपीय आयोग दरवर्षी प्रगतीचा अहवाल काढायचा. त्यात काय झालं नाही हेही लिहिलेलं असायचं.

अटी कडक होत्या. लिथुआनियाची बहुतांश वीज इग्नालिना अणुवीज केंद्रातून यायची. केंद्राची रचना चेर्नोबिलसारखी, त्यामुळे ते बंद करा, असं संघाने सांगितलं. लिथुआनियाने मान्य केलं, पण बंद करण्याच्या खर्चात संघाने मदत करायची हे करारात लिहून घेतलं. पहिली अणुभट्टी २००४ च्या शेवटी बंद झाली, दुसरी २००९ च्या शेवटी. ठरलेल्या तारखांना.

एस्टोनियाचा किस्सा साखरपट्ट्यातल्या वाचकांना आवडेल. तिथे साखर युरोपपेक्षा स्वस्त होती. संघात गेल्यावर भाव वाढणार हे कळल्यावर लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी साखर भरून ठेवली. नंतर या जादा साठ्याबद्दल युरोपीय आयोगाने एस्टोनियाला सुमारे साडेचार कोटी युरोंचा भुर्दंड लावला. देश संघात आला म्हणून कुणी डोळेझाक केली नाही.

शेवटी लोकांना विचारलं गेलं. २००३ मध्ये तिन्ही देशांत सार्वमत झालं. लिथुआनियात सुमारे ९१ टक्के, एस्टोनिया आणि लाटव्हियात सुमारे ६७ टक्के मतं बाजूने पडली. एस्टोनियात तर तिघांपैकी एक माणूस विरोधात होता, आणि त्याचीही मोजदाद झाली.

मराठवाडा कुठून आला?

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं. तोपर्यंत मराठवाडा म्हणजे जवळपास वेगळा देशच होता. चलन वेगळं, हाली शिक्का. सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये, ज्यांना लोक 'कलदार' म्हणायचे. सरहद्दीवर जकात गोळा करणारं 'करोडगिरी' खातं वेगळं. कोर्ट-कचेरीची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठातलं उच्च शिक्षणही उर्दूतून. नांदेडच्या मुलाला पुढे शिकायचं तर मराठी बाजूला ठेवावी लागायची.

आठ वर्षं हैदराबाद हे भारतातलं एक राज्य म्हणून राहिलं. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारख्या नेत्यांचं म्हणणं होतं की हे राज्य मोडावं आणि तिन्ही भाषांच्या लोकांनी आपापल्या भाषेच्या राज्यात जावं. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने मराठवाडा गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्यात घालावा, विदर्भ मात्र वेगळं राज्य करावं, अशी शिफारस केली. प्रत्यक्षात विदर्भही मुंबई राज्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि साडेतीन वर्षांनी महाराष्ट्रात.

सार्वमत झालं नाही. कायदा झाला आणि नकाशा बदलला. आजचा नांदेड आणि लातूर हा त्याच कात्रीतून निघालेला आहे. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून काढून उस्मानाबादला जोडले गेले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा ते लातूरमध्ये आले. किनवट आदिलाबादमधून नांदेडला आलं. उलट नांदेड जिल्ह्यातला मुधोळ-भैंसा भाग आंध्रात गेला, आता तो तेलंगणात आहे.

मग 'विनाअट' म्हणजे काय?

"मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला" हे वाक्य प्रत्येक भाषणात असतं. ते अर्धंच खरं आहे.

२८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र अशा तिन्ही भागांतल्या काँग्रेस नेत्यांनी त्यावर सह्या केल्या. मराठवाड्याच्या बाजूने देवीसिंग चौहान यांच्यासारखे नेते होते. म्हणजे कागद होता. पण त्या कागदात कुणाच्या वाट्याला काय आलं, हे बारकाईने वाचायला हवं.

नागपूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि वर्षातून किमान एक विधिमंडळ अधिवेशन मिळणार होतं. निधी, सरकारी नोकऱ्या आणि तंत्रशिक्षणातले प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील, हे सगळ्यांसाठी होतं. मराठवाड्यासाठी खास काय? त्याच्या मागासलेपणाकडे 'विशेष लक्ष' दिलं जाईल, एवढंच.

नागपूरचं अधिवेशन झालं की नाही हे शाळकरी पोरगंही सांगू शकतं. 'विशेष लक्ष' दिलं की नाही हे कुणी आणि कशावरून ठरवायचं? मराठवाड्याने अट घातली नाही हे खरं दुखणं नाही. घातलेली अट मोजता येणारी नव्हती, हे आहे. औरंगाबादचं खंडपीठ १९८१ मध्ये सुरू झालं, तेही करारामुळे नव्हे, तर वकील आणि नागरिकांनी ते लावून धरल्यामुळे.

संविधानात तरी आहे ना?

आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीतून अनुच्छेद ३७१ मध्ये ही तरतूद आली. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं, त्यांच्या कामाचा दरवर्षी विधानसभेत अहवाल, निधीचं समन्यायी वाटप आणि त्यासाठी राज्यपालांवर विशेष जबाबदारी. वाचायला एकदम युरोपीय आयोगासारखं.

फक्त एक शब्द आडवा येतो. राष्ट्रपती अशी व्यवस्था 'करू शकतात', असं तिथे म्हटलंय. करावीच लागेल, असं नाही. त्यामुळे मंडळं यायला १९९४ उजाडलं. राज्य स्थापन होऊन तोवर ३४ वर्षं झाली होती.

मधल्या काळात १९७४ ला मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. विद्यार्थी रस्त्यावर आले, गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्या मुक्तिसंग्रामातल्या माणसांनी रेल्वे रुंदीकरणाचा प्रश्न लावून धरला. १९८४ मध्ये दांडेकर समितीने पहिल्यांदा आकडा मांडला: राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून हिशेब केला. तेव्हा मराठवाड्याचा आकडा चार हजार कोटींच्या वर गेला होता.

मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय घेतला. दरम्यान वेगळीच पद्धत रूढ झाली: औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक घ्यायची आणि पॅकेज जाहीर करायचं. २०१६ मध्ये सुमारे ४९ हजार कोटींचं, सप्टेंबर २०२३ मध्ये ४५ हजार कोटींहून जास्त रकमेचं. पॅकेज ही घोषणा असते, करार नसतो. तिचा वार्षिक अहवाल कुणी मागू शकत नाही.

पण मुख्यमंत्री तर इथलेच होते!

सोशल मीडियावर हा मुद्दा हमखास येतो, आणि तो टाळता येत नाही. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण नांदेडचे. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरचे. दोन जिल्ह्यांनी चार मुख्यमंत्री दिले. मग दोष कुणाला द्यायचा?

या चौघांच्या काळात कामं झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. नांदेड-लातूरला त्याचा फायदा दिसतो. पण माणसामुळे आलेली गोष्ट माणसाबरोबर जाऊ शकते, आणि ती बहुतेकदा त्याच्या जिल्ह्यापुरती असते. जवळच्या हिंगोली-परभणीकरांना विचारा. लिथुआनियात २००४ ते २००९ दरम्यान सरकारं बदलली, तरी अणुभट्टी ठरल्या दिवशी बंद झाली, कारण ते वचन कुणा एका पंतप्रधानाचं नव्हतं.

आजही काय शिल्लक आहे?

मराठवाड्याचं महाराष्ट्रात येणं कागदोपत्री अजून पूर्ण झालेलं नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. इथल्या जमिनीच्या वादात आजही हैदराबाद कूळ कायदा १९५० निघतो. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात २०२३ पासून निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी नोंदी शोधाव्या लागल्या, आणि २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णय काढला. ज्या संस्थानाचं सरकार १९४८ ला गेलं, त्याचं गॅझेट ७७ वर्षांनी दाखल्यासाठी लागतं.

रेल्वेतही तेच. नांदेड विभाग २००३ मध्ये झाला, पण त्याचं झोनल मुख्यालय सिकंदराबादच. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर जवळचं लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, ते ज्या मार्गाने आलं तो पूर्वीच्या नॅरोगेज बार्शी लाईटचा. रुंदीकरण अनेक वर्षं रखडलं होतं. ते आणखी काही वर्षं रखडलं असतं तर पाण्याची ती गाडी लातूरला पोचलीच नसती.

आणि धर्माबाद. २०१८ च्या सुमारास या सीमेवरच्या तालुक्यातल्या काही गावांनी "आम्हाला तेलंगणात जाऊ द्या" अशी मागणी केली. कारण भाषेचं नव्हतं. पलीकडच्या शेतकऱ्याला रयतु बंधू योजनेतून एकरी पैसे मिळत होते, शेतीला वीज मिळत होती, आणि ते बांधावरून दिसत होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत के. चंद्रशेखर राव यांनी महाराष्ट्रातली पहिली मोठी सभा नांदेडला घेतली, ती उगाच नाही. पुढे तेलंगणात त्यांची सत्ता गेली आणि त्या मागणीचा आवाजही कमी झाला. याच तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे दरवर्षी १ जुलैला उघडतात आणि २८ ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात. तिथे तारीख लिहून दिलेली आहे.