विजेच्या एस.टी.त स्त्रीचे स्थान कोणते?

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी सुरू झाली. पुढे अशा ५,१५० गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याचा करार महामंडळाने केला. धूर घटेल, डिझेल वाचेल, हे स्वागतार्हच आहे. परंतु यंत्र बदलले की श्रमाचे संबंधही बदलतात. या बदलात स्त्रीच्या पदरी काय पडते, हे समाजवाद्यांनी विचारलेच पाहिजे.

या व्यवस्थेत गाडी, चालक व देखभाल ही सारी ठेकेदाराची; महामंडळ किलोमीटरमागे दर मोजते आणि वाहक तेवढा पुरवते. महामंडळाच्या भरतीत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. ठेकेदाराला तसे बंधन नाही. एस.टी.चे स्टिअरिंग स्त्रीच्या हाती आले तेच मुळी २०२३ मध्ये. विजेच्या गाडीत ना क्लच दाबावा लागतो, ना गिअर बदलावा लागतो. ‘हे बाईचे काम नव्हे’ ही सबब यंत्रानेच निकालात काढली असताना नोकरीचे दार मात्र ठेक्यामुळे लोटले जात आहे.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. २०११ च्या जनगणनेनुसार येथे सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगाव-मोलगीच्या डोंगराळ भागातील स्त्रीला बाजार, दवाखाना, रेशन यांसाठी छोटे छोटे प्रवास करावे लागतात. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे. परंतु ज्या पाड्याजवळ गाडीच येत नाही, तेथे या सवलतीचे मोल शून्य. किलोमीटरच्या हिशेबाला सपाट, लांब पल्ल्याचे रस्तेच मानवतात. सातपुड्याची चढण त्यात बसत नाही.

म्हणून नंदुरबार, शहादा, नवापूर व अक्कलकुवा या आगारांपुढे कार्यकर्त्यांनी तीन मागण्या मांडाव्यात: ठेक्याच्या करारातच स्त्री-चालक व स्त्री-तंत्रज्ञांचे प्रमाण बंधनकारक करावे, आदिवासी मुलींना जिल्ह्यातच सवेतन प्रशिक्षण द्यावे, आणि गाड्यांचे वेळापत्रक ठरविताना गावोगावच्या स्त्रियांना विचारावे. चार्जिंग केंद्रावर स्वच्छतागृह व विश्रांतिकक्ष असणे तर ओघानेच आले.

१९७२ नंतर शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या लढ्यात आदिवासी स्त्रिया आघाडीवर होत्या. जमीन आणि मजुरीसाठी त्या उभ्या राहिल्या, तशाच दारूविरुद्धही. त्यांच्या नाती विजेच्या गाडीत केवळ अर्ध्या तिकिटाच्या प्रवासी म्हणून बसणार असतील, तर त्या परिवर्तनाला समाजवादी म्हणता येणार नाही.