औषधच वैरी होते तेव्हा

औषधाने माणूस बरा होतो, ही आपली भाबडी समजूत. तीव्र पॉरफिरिया या दुर्मिळ आनुवंशिक विकारात यकृतात 'हीम' तयार होण्याच्या साखळीतील एक कडी कमजोर असते. मग बार्बिट्युरेट, काही सल्फा औषधे, फार काय, कडक उपवासही असह्य पोटदुखीचा झटका आणू शकतो. पोट तपासून काही सापडत नाही. रोग्यावर सोंगाचा आळ येतो. अशा वेळी समदुःखी माणूसच त्याचे म्हणणे खरे मानतो. हा आधार औषधाइतकाच मोलाचा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र एकाला मानवलेली गोळी दुसऱ्याला मानवेलच असे नाही. तो निर्णय डॉक्टरांचाच. मित्रहो, वर्ज्य औषधांची यादी खिशात बाळगणाऱ्याला भित्रा म्हणू नका आणि एकादशीचा आग्रहही त्याला करू नका!