आमचा माणूस नव्हे!

कारखान्याच्या छपरावरचा सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, माणूस खाली येतो आणि तो दवाखान्यात पोचायच्या आत एक वाक्य पोचलेले असते : “आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा.”

या वाक्याचा पहिला आधार कागदाचा. अपघाताची जबाबदारी ठेकेदाराची, असे करारात लिहिलेले असते. लिहीनात का! १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे कलम १२ म्हणत असे की, मालकाने आपल्या धंद्याचे काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तरी जखमी कामगाराला तो थेट आपलाच असल्याप्रमाणे भरपाई द्यावी. मग ठेकेदाराकडून खुशाल वसूल करावी. कारण उघड आहे. मुकादमाचा फोन रातोरात बंद होतो, कारखान्याची चिमणी जागची हलत नाही. भरपाईचा हक्क सोडल्याच्या कागदावर घेतलेला अंगठाही कलम १७ ने रद्दबातल ठरत असे. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू आहे आणि ठेक्याआडून मालकाने निसटू नये ही तरतूद तिच्यातही टिकली आहे.

“दरातच जोखीम धरली होती,” हा दुसरा बचाव. दर ठेकेदाराला मिळतो, पडतो दुसराच. शिवाय सर्वांत कमी भावाची निविदा उचलली की आधी काय गळते? पत्र्यावर टाकायची फळी आणि कमरेचा पट्टा.

तिसरा बचाव मात्र दमदार : “आमचा धंदा बिस्किटांचा, छपराचा नाही.” काम धंद्याचा नेहमीचा भाग असावे, अशी कायद्याचीच अट आहे आणि वकील नेमका तिथेच तळ ठोकतात. घरी पंखा बसवायला आलेल्या वायरमनपुरती ही अट मला रास्त वाटते; घरमालकाला त्यातले काय कळते? पण कारखान्यात गेटपास कोण देतो? उंचीवरच्या कामाचे परमिट कोणाच्या सहीने निघते? कुठला पत्रा किती जुना, हे कोणाच्या दप्तरी असते? म्हणून कसोटी धंद्याच्या नावाची नको, ताब्याची हवी. १९७८ मध्ये कालिकतच्या दोरखंड कारखान्याच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी ठेक्याचा पडदा बाजूला सारून कामगारांच्या पोटापाण्यावर खरा ताबा कोणाचा, हेच पाहिले होते. तो औद्योगिक विवाद होता, भरपाईचा दावा नव्हे. पण नजर तीच हवी.

कायद्यातले खरे भोक वेगळेच आहे. ही तरतूद ठेकेदाराच्या कामगाराला वाचवते. एकटाच काम घेणारा, एकटाच शिडी चढणारा रंगारी कागदोपत्री स्वतःच ‘कॉन्ट्रॅक्टर’ असतो. तो पडला तर दावा कोणावर लावायचा? त्याच्याकडून गेटवर आधारकार्डाची प्रत घेतात. त्याच टेबलावर, कंपनीच्या खर्चाने, त्याचा अपघात विमाही उतरवावा आणि मगच पास हातात द्यावा.