ट्रकच्या ईसीएमचं 'सेटिंग' बदललं की नेमकं काय होतं? पिकअप वाढतो, पण बिल कोण भरतं?

पाताळगंगा एमआयडीसीतून माल भरलेला ट्रक निघतो, मोहोपाडा मागे पडतं आणि गाडी पुण्याच्या दिशेला लागते. खोपोलीपर्यंत फारसा त्रास नसतो. मग बोरघाट सुरू होतो. थोड्याच अंतरात जवळपास पाचशे मीटर चढायचं असतं. भरलेली गाडी इथं दमते, गियर उतरतात, मागे रांग लागते आणि डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

नेमक्या याच दुखण्यावर एक 'इलाज' सध्या मोबाईलवर फिरतोय. ईसीएम रिमॅप करा, पिकअप वाढवा, अॅव्हरेज वाढवा, युरियाचा खर्च वाचवा. लॅपटॉप लावायचा, थोडा वेळ थांबायचं, काम झालं. हे खरंच इतकं सोपं आहे का?

ईसीएम म्हणजे काय?

जुन्या ट्रकमध्ये डिझेल किती सोडायचं हे यांत्रिक पंप ठरवायचा. फिटर पंपाचं सेटिंग वाढवायचा, गाडी जोरात पळायची आणि मागून काळा धूर निघायचा.

आताच्या कॉमन रेल इंजिनमध्ये हे काम कॉम्प्युटर करतो. त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. इंजिनचा वेग, तापमान, टर्बोचा दाब, पायाखालचा अॅक्सिलरेटर असं सगळं तो सतत वाचतो. त्यावरून कोणत्या इंजेक्टरनं, कोणत्या क्षणी, किती डिझेल फवारायचं हे ठरवतो. हा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो. म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षा शेकडो पट जास्त.

कोणत्या स्थितीत किती डिझेल, याचे तक्ते ईसीएममध्ये साठवलेले असतात. त्यांना 'मॅप' म्हणतात. हे आकडे बदलणं म्हणजे रिमॅपिंग.

मग ताकद खरंच वाढते का?

हो, वाढते. जास्त डिझेल, जास्त टर्बो दाब, म्हणजे जास्त टॉर्क. पण कंपनीनं मर्यादा उगाच घातलेली नसते. जास्त डिझेल जळलं की एक्झॉस्टचं तापमान वाढतं. त्याचा भार पिस्टन, टर्बो आणि इंजेक्टरवर पडतो. वाढलेला टॉर्क क्लच आणि गियरबॉक्सला सोसावा लागतो. हे नुकसान त्याच दिवशी दिसत नाही. ते काही महिन्यांनी गॅरेजच्या बिलात दिसतं, आणि तोपर्यंत वॉरंटीवर पाणी सोडावं लागलेलं असतं.

दुसरा मुद्दा घाटाचाच. रिमॅपिंगनं चढायची ताकद वाढते, थांबायची नाही. ब्रेक तेवढेच राहतात. जास्त ताकद आहे म्हणून जास्त माल भरला, तर परतीच्या वाटेवर खंडाळ्याहून खाली उतरताना तेच ब्रेक जास्त तापतात. घाटात ब्रेक निकामी होणं किती महागात पडतं, हे खालापूर-खोपोलीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

युरियाचं काय प्रकरण आहे?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. अवजड डिझेल इंजिनमधून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती. ती ०.४ ग्रॅमच्या आसपास आली. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं.

नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये युरियाचं द्रावण फवारतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. या द्रावणामुळे विषारी वायूचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्याच्या वाफेत होतं. टाकी संपली की ईसीएम आधी इशारा देतो, मग इंजिनची ताकद कमी करतो.

इथेच 'बायपास' येतो. सॉफ्टवेअर बदलून किंवा इम्युलेटर नावाचा छोटा डबा जोडून ईसीएमला सांगितलं जातं की युरिया फवारला जातोय. प्रत्यक्षात एक थेंबही जात नाही.

पीयूसीमध्ये हे पकडलं जात नाही का?

बहुतेक वेळा नाही. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत धुराची घनता मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत. त्यामुळे युरिया बंद केलेला ट्रकही पीयूसी पास होऊ शकतो. धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असं नसतं.

असे ट्रक वाढले तर काय होतं, याचा अंदाज अमेरिकेतून येतो. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२० मध्ये हिशेब मांडला. साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकची प्रदूषण यंत्रणा काढून टाकली गेली होती. त्यातून होणारं जादा प्रदूषण म्हणजे रस्त्यावर ९० लाखांहून जास्त नियमात बसणारे ट्रक नव्यानं आणल्यासारखं होतं.

मोहोपाडा-रसायनी पट्ट्यात कारखाने आहेत आणि मालवाहतूकही मोठी आहे. इथल्या बाजारात, शाळेच्या वाटेवर ट्रक शेजारूनच जातात. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर केलं आहे. ही हवा सगळ्यात जास्त वेळ घेतात ते ड्रायव्हर आणि क्लीनर.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. परवानगी नसलेले भाग बसवून बदल केला, तर कलम १८२ए नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हवा प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवली तर कलम १९० नुसार पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र होऊ शकतं. अडचण अशी की इम्युलेटर डोळ्यांना दिसू शकतो, सॉफ्टवेअर दिसत नाही.

मग ट्रकमालकानं करायचं काय?

मालकाची अडचण खोटी नाही. डिझेल, टोल आणि हप्ता भागवून हातात थोडंच उरतं. पण वैध मार्गही आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीएमचं अधिकृत सॉफ्टवेअर अपडेट करून मिळतं. काही नव्या ट्रकमध्ये लाइट, मीडियम आणि हेवी असा स्विच असतो. रिकामी गाडी हेवीवर पळवली तर डिझेल वाया जातं. इंजेक्टरची तपासणी, स्वच्छ एअर फिल्टर आणि टायरमधली योग्य हवा यानंही अॅव्हरेज सुधारतं.

आणि गाडी अचानक ओढेनाशी झाली, तर मॅप बदलण्याआधी बिघाड शोधा. बंद पडलेला सेन्सर किंवा चोंदलेला फिल्टर बदलणं, हे अख्खं इंजिन खोलण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतं.