चौथी पट्टी

बडोद्याच्या मराठी घरांत ‘गायकवाड सरकारची चाकरी’ म्हणजे जन्माची निश्चिंती, असा एके काळी समज होता. पुढे १ मे १९४९ रोजी ते संस्थानच मुंबई प्रांतात विलीन झाले! आता त्याच घरांतील एखादा नातू हरणीच्या विमानतळाकडे पाहत वैमानिक होण्याचे मनोरथ रचतो आणि आजोबा विचारतात, “नोकरी कायमची ना?”

प्रश्न रास्त आहे. व्यावसायिक परवान्यास २०० तासांचे उड्डाण पुरते. विमान कंपनीत कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या वरिष्ठ परवान्यास १,५०० तास हवेत. मोठ्या कंपनीत ज्येष्ठतेची रांग लांब असते. वाढत्या प्रादेशिक कंपनीत कॅप्टनची चौथी पट्टी लवकर खांद्यावर चढते. परंतु अशा कंपनीचे आयुष्यही बेभरवशाचे. १९८१ साली निघालेली ‘वायुदूत’ १९९३ साली इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. मोठेपणाही तारक ठरत नाही. ‘जेट’ची विमाने एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवरच थांबली.

मग शाश्वत काय? नोंदवहीतले तास, आणि त्याहूनही त्या तासांत मिळालेले शिक्षण. अनुभवी कॅप्टनशेजारी, उजव्या आसनावर बसून काढलेले दोन-चार पावसाळे घाईने मिळालेल्या डाव्या आसनापेक्षा मोलाचे असतात. पट्टी कंपनी देते; परिपक्वता ज्याची त्यानेच मिळवायची असते, आणि ती कोणत्याही विलीनीकरणात जात नाही.