दोन्ही हात यंत्राला, मग झाडाला कोण धरणार?



बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्या शेखचिल्लीची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आणि पोटभर हसलो. पण झाडावरून पडणारा प्रत्येक जण शेखचिल्ली नसतो. जन्मभर झाडे चढलेला, योग्य फांदीवर बसलेला शहाणा माणूसही पडतो. आणि गावोगाव पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आल्यापासून हा धोका वाढला आहे. कोणी तिला कटर म्हणतात, कोणी चेनसॉ.

कारण साधे आहे. आपले आजे-पणजे कोयता घेऊन झाडावर चढत. एका हातात कोयता, दुसऱ्या हाताने फांदी धरलेली. यंत्राची करवत दोन्ही हात मागते. ५-६ किलोचे ते वजन, आणि साखळी पळते सेकंदाला सुमारे २० मीटर. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग चुकून एखाद्या फांदीला टेकला, तर करवत उसळून चालवणाऱ्याच्याच तोंडाकडे येते. पापणी लवण्याच्या आत. एका हाताने ती कोणालाच आवरत नाही. म्हणजे दोन्ही हात यंत्राला गुंतले. मग झाडाला धरायचे कोणी?

धरायचे दोराने. दोर नसेल तर यंत्र झाडावर न्यायचे नाही, ही गाठ पक्की मारून ठेवा. दोर म्हणजे बैलाचा कासरा नव्हे. मांड्यांना आणि कमरेला धरणारा पट्टा हवा आणि त्याला दोन वेगळे दोर हवेत. दोन अशासाठी, की धावती साखळी लागली तर दोर दोऱ्यासारखा तुटतो. त्यातला एक पोलादी तारेच्या गाभ्याचा असावा. दोर बांधायचा तो भक्कम, जिवंत खोडाला, तोडायच्या फांदीला कधीही नाही. हे सारे शिकलेल्या माणसाचे काम आहे. तसा माणूस व साहित्य नसेल, तर मनगटाएवढ्या फांद्यांना लांब दांड्याची करवत जमिनीवरूनच चालवा. जाड फांदीसाठी जाणकार बोलवा. यंत्र खाली पडलेले लाकूड तोडायला ठेवा.

जाणकार वर चढला, तरी या गोष्टी तुम्ही खालून पाहा. शेवगा, पांगारा यांचे लाकूड ठिसूळ, फांदी न सांगता मोडते. पावसाने ओल्या सालीवर पाय ठरत नाही. मोहोळ आहे का, वाळकी फांदी वर अडकली आहे का, हे आधी बघा. पेट्रोल खालीच भरा. यंत्र बंद करून दोराने वर ओढून घ्या. जागा बदलताना ते बंदच हवे. शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर उचलून ते चालवू नये.

जाड फांदी एका कापात पाडू नये. ती मध्येच फाटते, खोडाची साल सोलत खाली येते आणि झटका वरच्या माणसाला बसतो. आधी खोडापासून हात-दीड हात सोडून खालून पाव-तिसरा हिस्सा काप द्यावा. मग त्याच्या थोडे पुढे, टोकाच्या बाजूला, वरून कापावे. फांदी गेली की उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याबाहेर कापावा, म्हणजे जखम लवकर भरते.

झाडाजवळून विजेची तार जात असेल तर हातच लावू नका. ओल्या फांदीतून वीज उतरते. १९१२ वर फोन करा. वायरमनने पुरवठा बंद केल्याची खात्री झाल्यावरच काम.

आता ताई-माईंनो, तुमच्याशी. फांदी पडेल तिथे सरपण गोळा करायला धावू नका. यंत्र थांबेपर्यंत पोरे-गुरे झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा. खाली एक जाणता माणूस मात्र कायम हवा. अपघात झालाच, तर रक्त वाहते तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. वरून पडलेल्याला बखोटीला धरून उठवू नका, बसवू नका. पाठीचा कणा दुखावला असेल तर त्या उचलण्यानेच माणूस जन्माचा अधू होतो.

आणि घरचा माणूस यंत्र घेऊन झाडाकडे निघाला, तर एवढेच विचारा, “दोर घेतला का?” तो रागावेल, हसेल. रागावू द्या. फांदी उद्याही तोडता येते.